संशोधनाचा प्रकल्प आपल्या किती कामाचा, हे आधीच कसं काढायचं

कृषी विज्ञान केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागार समितीत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी असतात, तर कधी तुमचा नंबर लागला आन् पुढ्यात कागद आला की "या संशोधनाचा लाखो शेतकऱ्यांना फायदा होईल", तर मान डोलवून चहा पिऊन वापस येऊ नका भाऊ, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा.

समजा सोयाबीनच्या नव्या वाणाचा प्रकल्प आहे (आकडे मी मनाने धरले, तुम्ही तुमच्या भागाचे टाका). १ लाख एकर सोयाबीन, संशोधन केंद्राच्या फार्मवर एकरी २ क्विंटल जास्त, भाव ४,००० म्हणजे वर्षाला ८० कोटी. कागदावर हेच लिहून असते. आता एकेक गोष्टीने गुणत चला. आपल्या कोरडवाहू वावरात पावसाचा खंड पडला की २ चे पाऊण क्विंटल होते, त्याचे ३,०००, त्यातून बियाणं-काढणीचा वाढीव खर्च १,००० गेला, राह्यले २,०००. सगळे थोडीच पेरतील, २० टक्के धरा, झाले ४ कोटी. वाण जमण्याचा चान्स ४० टक्के, म्हणजे १ कोटी ६० लाख. प्रकल्प नसता तरी दुसरं एखादं वाण आलंच असतं, तिथं अर्धे कापा, ८० लाख. आन् हे मिळणार ८ वर्षांनी, ८ टक्के व्याजाने तेव्हाच्या रुपयाची आजची किंमत ५४ पैसे, म्हणजे वर्षाचे ४३ लाख! तरी प्रकल्प बेकार आहे असं नाही बरं, फायदा तिथून १० वर्षं टिकला तर आजच्या किमतीत ३ कोटीच्या आसपास जाते, मग प्रकल्पाचा खर्च त्याच्या खाली आहे का ते पाहा.

सगळ्यात जास्त घोळ त्या २० टक्क्यात असते. नव्या वाणाचं बियाणं थोडंच असते, ते वाढवत न्यावं लागते: आधी पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, एकेका पायरीला एकेक हंगाम जाते, म्हणून "बियाणं कोण वाढवणार, किती एकरावर" हे पहिले विचारा. सोयाबीनचं घरचं बियाणं पुढच्या साली चालते (उगवण तपासूनच पेरा), १९९४ चं जेएस ३३५ हे वाण वर्षानुवर्षं चाललं त्यात याचाही हात आहे. पराटीच्या (कापसाच्या) हायब्रीडचं पाकीट मात्र दरसाली विकतच घ्यावं लागते.

फायदा किती वर्षं टिकते हेही धरा. बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी, दोन जीनवालं २००६ मध्ये आलं, आन् २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्याकडची बोंडं पोखरली. रेफ्यूजीचं बियाणं (अळीला बीटी पचू नये म्हणून सोबत पेरायचं बिगर-बीटी) किती जणांनी पेरलं होतं ते धुऱ्यावर उभं राहून पाहिलं असतं तर अंदाज आधीच आला असता, पण तो रकानाच कोणी ठेवत नाही.

कोणाचं नुकसान होते तेही लिहा. तणनाशकाचा प्रकल्प असला तर मालकाची मजुरी वाचते, तीच निंदणाला जाणाऱ्या बायांची कमाई असते, म्हणून समितीत बसण्याआधी एकदा त्यांनाही विचारून घ्या.

शेवटी एकच आकडा देऊ नका. वाईट साल धरून एक, चांगलं धरून एक, आन् कोणता आकडा हलवला की सगळं कोसळते त्याच्याखाली पेनाने रेघ मारा. माझ्या अनुभवात ती रेघ बहुतेक वेळा बियाण्याखालीच येते.