फागुनात नाक गळतं? स्टिरॉइडचा स्प्रे असा मारा (आणि ते इंजेक्शन टाळा)

होळी जवळ आली की आमच्या इंदूरच्या रामबागेत अर्धी गल्ली शिंकतेय, नाक इतकं चोंदलेलं की पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला तरी वास येत नाही. बरेचदा कारण असतं वावळाचे परागकण, इथे त्याला चिरोल म्हणतात, आणि पावसाळ्यात मग गाजरगवत.

यावरचं हार्मोनचं औषध म्हणजे कॉर्टिसोलच्या जातीचं स्टिरॉइड. जिमवाली पोरं घेतात ते वेगळं हो! कॉर्टिसोल आपल्याच मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी बनवतात, या हार्मोन्सवरच्या कामाला 1950 चं नोबेलही मिळालंय. नाकासाठी फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे येतो, डॉक्टरला विचारून घ्या. पण तो लगेच नाक उघडत नाही, पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून सीझनच्या आधीच रोज सुरू करायचा, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आदल्या दिवशी मारून काही होत नाही.

आता मारायचा कसा, इथेच सगळे चुकतात. आधी नाक शिंकरा, बाटली हलवा, नवीन असेल तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. मान वर नाही, किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेर, कानाकडे जातं. मधल्या पडद्यावर मारलं की तो सोलतो, रक्त येतं. मी दोन वर्षं तसंच मारत होतो आणि रुमालावर लाल ठिपके बघून दोष उन्हाळ्याला देत होतो. दाबताना हळू श्वास घ्या, जोरात ओढलंत तर सगळं घशात, कडू लागलं की समजा वाया गेलं.

कोणी म्हणेल कशाला रोजची कटकट, एक इंजेक्शन घे, सीझन निघून जातो. आमच्या काकांनी घेतलं, शुगरवाले, नाक चार दिवसांत मोकळं आणि शुगर तीनशेच्या वर. हे डेपो स्टिरॉइड अंगात काही आठवडे मुरत राहतं, तेवढे दिवस आपल्या ग्रंथी आपलं कॉर्टिसोल कमी बनवतात, आणि टोचलेल्या जागी कधी खड्डाही पडतो. त्रास झाला तरी ते परत काढता येत नाही.

काचबिंदू, मोतीबिंदू असेल तर स्प्रेच्या आधीच डॉक्टरला सांगा. छातीत घरघर होत असेल तर नुसत्या स्प्रेवर बसू नका, दाखवून या.