बडोद्याहून जाऊन जीपीएसने भरतीचं पाणी कसं मोजायचं

कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं देऊळ बघता बघता पाण्याखाली जातं ते बघायला बडोद्याहून आपल्यातले बरेच जण जातात, पण पाणी नेमकं किती चढलं हे मोजायचं म्हटलं तर अवघड, कारण खंभातच्या आखातात पाण्याला ओढ जबरदस्त आणि गाळ एवढा की पाण्यात उभं केलेलं कुठलंही मीटर टिकवणं म्हणजे रोजचीच कटकट. म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते, पाण्याला हातच लावायचा नाही, काठावर उंचावर एक अँटेना लावायचा.

सॅटेलाईटचा सिग्नल अँटेनाला दोन वाटांनी मिळतो, एक सरळ वरून आणि एक पाण्यावर आपटून. दोन्ही मिसळले की सिग्नलची ताकद, म्हणजे एसएनआर, सॅटेलाईट चढेल तशी कमीजास्त होत राहते, आणि अँटेना पाण्यापासून जितका उंच तितके हे हेलकावे दाट. महागडे सर्व्हेचे अँटेना हेच दाबायला बनवलेले असतात, म्हणून आपण साधा स्वस्तातला घ्यायचा, आडवा करून तोंड पाण्याकडे करायचं. सोबत यू-ब्लॉक्स कंपनीचा जीपीएस रिसीव्हर, नोंदी साठवायला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, बॅटरी, छोटं सोलर पॅनल, पाणी न शिरणारा डबा, झालं.

नोंद दर सेकंदाला घ्या. ३० सेकंदांनी घेतली तर ओहोटीला पाणी पार खाली गेल्यावर हेलकावे हातातून निसटतात. आणि रिसीव्हर सॅटेलाईटचा कोन, म्हणजे तो क्षितिजापासून किती वर आहे ते, पूर्ण अंशातच देतो, ते चालत नाही, कोन ऑर्बिटच्या, म्हणजे सॅटेलाईटच्या कक्षेच्या, फाईलवरून काढा. या विषयातल्या संशोधक क्रिस्टीन लार्सन यांचं जीएनएसएस-रिफ्ल हे पायथनमधलं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करतं.

पण एकदा तरी हाताने करून बघा, मग खरं डोक्यात बसतं. ५ ते १५ अंशांमधला तुकडा घ्या, कोनाची साईन ०.०८७ पासून ०.२५९ पर्यंत जाते, फरक ०.१७२. तेवढ्यात ९ हेलकावे मोजले तर ९ ला ०.१७२ ने भागा, आणि एल१ या जीपीएसच्या मुख्य सिग्नलची वेव्हलेंथ १९ सेंटिमीटर, तिच्या निम्म्याने गुणा, उत्तर जवळजवळ ५ मीटर, म्हणजे अँटेनापासून पाणी ५ मीटर खाली.

एवढ्या उंचीवरून ५ अंशाला सिग्नल ५७ मीटर लांब आपटतो आणि १५ अंशाला १९ मीटरवर. त्या पट्ट्यात होडी, भिंत, झाड काही नको, आणि ज्या दिशेला पाणी आहे तेवढेच सॅटेलाईट धरा. पहिला प्रयोग परवानगी काढून बडोद्याजवळच्या आजव्याच्या तलावावर करा, तिथे पाणी दिवसभरात फारसं हलत नाही, टेपने मोजून पडताळता येतं.

आखातात मात्र दोन गोष्टी सांभाळा, याच सगळ्यात महत्त्वाच्या. उधाणाला भावनगरच्या बाजूला पाणी १० मीटरच्या वर चढउतार करतं, म्हणजे भर वेगात तासाला अडीच मीटरच्या आसपास, आणि सॅटेलाईटचा तुकडा संपायला वीसेक मिनिटं तरी लागतात, तोवर पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं. यामुळे उत्तर अर्ध्या मीटरहून जास्त चुकू शकतं, आणि उगवणाऱ्या सॅटेलाईटचं एका बाजूला तर मावळणाऱ्याचं दुसऱ्या बाजूला चुकतं. ग्राफवर दोन वेगळ्या रेषा दिसल्या तर समजा की हेच झालंय, सॉफ्टवेअरमधलं पाण्याच्या वेगाचं करेक्शन लावा. शिकताना भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते, धरले तर सोपं जातं.

दुसरं म्हणजे चिखल. ओहोटीला पाणी लांब सरकतं आणि सिग्नल ओल्या चिखलावर आपटून तितकाच छान परत येतो, ग्राफ खाली जाऊन एकदम सपाट होतो. ते पाणी नाही! तो भाग सरळ वगळा, आणि भरती-ओहोटीच्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या टाईड टेबलशी ताडून बघा. काठावर एक पक्की खूण ठरवून तिथून अँटेनाची उंची दर वेळी मोजून लिहून ठेवा, नाहीतर या महिन्याचे आकडे पुढच्या महिन्याच्या आकड्यांशी जुळवता येणार नाहीत.