विदर्भातील सावलीसाठी वेगळ्या पानांची झाडे कशी निवडावीत

जुलैमध्ये रोपवाटिकेत गेले की प्रत्येक रोप टवटवीत दिसते, म्हणून आपल्याकडे झाडाची निवड मे महिना डोळ्यांसमोर ठेवून करावी. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा परसातली सावली ऊन अडवते, पण कोरडी, गरम हवा अडवत नाही. आणि उष्ण, दमट जंगलांतून आलेली बहुतेक पाने उन्हापेक्षा या हवेनेच करपतात.

सावलीही एकसारखी नसते. भर दुपारी जागेवर हात धरून पाहावा: जमिनीवर बोटांची सावली पुसट उमटली, तर रंगीत पानांना पुरेसा उजेड आहे, ती उमटलीच नाही, तर तिथे रंग फिके पडतात. आंब्याखाली मुळांची चढाओढ असते, म्हणून तिथे कुंडीच बरी. घराच्या उत्तरेकडची भिंत किंवा भांडी घासण्याच्या मोरीजवळचा ओलसर कोपरा मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

माझी पहिली पसंती कंदांना आहे, कारण कठीण दिवस ते मातीखाली झोपून काढतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कॅलॅडियमचे पान इतके पातळ असते की पांढऱ्या भागातून उजेड आरपार दिसतो आणि गुलाबी शिरा त्यावर रेखल्यासारख्या वाटतात. हिवाळ्यात पाने पिवळी पडू लागली की पाणी थांबवावे, कंद काढून कोरड्या वाळूत घरातल्या एखाद्या कोपऱ्यात ठेवावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर डोळा वर करून चार-पाच सेंटिमीटर खोल लावावेत. आपला भुईचाफा तर याहून सोपा आहे: उन्हाळ्यात पानांआधी जमिनीलगत सुवासिक फूल येते आणि पावसाळ्यात वर रुपेरी नक्षी, खाली जांभळट रंग असलेली पाने उघडतात. एवढे देखणे पान परसात क्वचितच दिसते, याचे मला वाईट वाटते.

बारमाही हिरवळ हवी असल्यास पूर्व आफ्रिकेतील झीझी निवडावे. ते जाड कंदात पाणी साठवते. नक्षीदार पानांची कॅलेथिया मात्र मी दोनदा गमावली. मे महिन्यात पानांच्या कडा जळक्या कागदासारख्या कुरकुरीत झाल्या, आणि कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने त्यात भर पडली. तिचा मोह आवरत नसेल, तर पावसाचे साठवलेले पाणी द्यावे.

निव्वळ काळ्या मातीत पावसाळ्यात कंद कुजतात, म्हणून तिच्यात तेवढीच वाळू आणि तेवढेच पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कॅलॅडियम, रुंद ठिपकेदार पानांची डिफेनबॅकिया आणि शोभेचे अळू यांच्या रसाने तोंडाची आग होते व सूज येते, त्यामुळे ती लहान मुलांच्या आणि शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाहीत, अशा जागी लावावीत.