मोटरसायकलची देखभाल घरच्या घरी: सुरुवात चेनपासून

मोटरसायकलची देखभाल स्वतः शिकू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी इंजिन उघडण्याच्या फंदात पडू नये. ज्या कामात झालेली चूक गाडी रस्त्यावर नेण्याआधीच डोळ्यांना दिसते आणि तिथल्या तिथे सुधारता येते, अशा कामापासून सुरुवात करावी. माझ्या मते चेनची निगा हे असे पहिले काम आहे, कारण त्यात स्वच्छता, मोजमाप आणि नट योग्य तेवढाच घट्ट करणे या तिन्ही गोष्टींचा सराव होतो.

गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका आधी वाचावी. चेन किती सैल असावी, ऑइल कोणते व किती घालावे, कोणता नट किती टॉर्कने (म्हणजे किती पिळाच्या जोराने) आवळावा, हे प्रत्येक मॉडेलनुसार बदलते. म्हणून येथील आकडे आणि पुस्तिकेतील आकडे यांत फरक आढळल्यास पुस्तिकाच प्रमाण मानावी. रिंग पाने, सॉकेट, मोजपट्टी, हवेचा दाब मोजणारे गेज आणि शक्य असल्यास टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळू देणारा पाना) एवढी हत्यारे सुरुवातीला पुरतात. जबडा कमी-जास्त करता येणारा पाना मात्र टाळावा, कारण तो नटावर सैल बसून त्याचे कोपरे झिजवतो.

चेन साफ करताना गाडी सपाट जागी सेंटर स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडवर) घ्यावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून, गाडी गियरमध्ये टाकून फिरती चेन पुसण्याची सवय अनेकांना असते. ती अत्यंत घातक आहे. फडके चेनमध्ये ओढले गेले की त्यासोबत बोटे स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रात, जातात आणि हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. ओ-रिंग असलेली चेन पेट्रोलने धुऊ नये व तारेच्या ब्रशने घासू नये, कारण पिनांभोवतीचे ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या रबरी कड्या त्याने खराब होतात. चेन क्लीनर किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश वापरून चेन कोरडी पुसावी. वंगण खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने सोडावे. म्हणजे चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने सरकत चेनच्या सगळ्या भागांत पोहोचते. थोड्या वेळाने जादा वंगण पुसून काढावे, नाहीतर ते टायरवर उडते. साधारण 500 ते 1000 किलोमीटरनंतर आणि पावसात त्याहून लवकर हे काम करावे.

यानंतर ताण मोजावा. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली करून ती एकूण किती हलते हे पट्टीवर पाहावे; अनेक लहान गाड्यांत हे अंतर 20 ते 30 मिलिमीटर असते. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून चाक थोडे थोडे फिरवून अनेक ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी हलणारी जागा धरून ताण ठरवावा. चेन फार ताणणे हे फार सैल ठेवण्याइतकेच वाईट, कारण सस्पेन्शन दबले की बहुतेक गाड्यांत दोन स्प्रॉकेटमधील अंतर वाढते आणि सगळा ताण बेअरिंगवर येतो. ताण बदलण्यासाठी मागच्या चाकाच्या एक्सलचा (आसाचा) नट सैल करावा, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा सारखेच फिरवावेत आणि स्विंगआर्मवरील (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरील) खुणा दोन्हीकडे जुळल्या आहेत का ते पाहावे. नट आवळताना ताण पुन्हा बदलतो. म्हणून शेवटी एकदा मोजणे गरजेचे आहे. मागच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत.

ऑइल बदलणे ही पुढची पायरी. इंजिन काही मिनिटे चालवून ऑइल कोमट झाल्यावर ते काढावे. ड्रेन बोल्टला नवा वॉशर लावावा आणि बोल्टचे सुरुवातीचे आटे हातानेच बसवावेत. ॲल्युमिनियममधले आटे जोर लावल्यास सहज जातात, आणि ती दुरुस्ती ऑइलच्या खर्चाच्या कितीतरी पट महाग पडते. ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या गाडीत जासो (JASO, जपानी मानक) एमए किंवा एमए2 दर्जाचेच ऑइल घालावे. मोटारीच्या काही ऑइलमुळे क्लच घसरू लागतो. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून पाहावी, साइड स्टँडवर नव्हे. जुने ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता डब्यात भरून वापरलेले ऑइल घेणाऱ्यांकडे द्यावे.

टायरचा दाब गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे आणि लावताना ते शेवटी लावावे.

ब्रेकच्या बाबतीत नवशिक्याने पॅडची जाडी आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहण्यापुरतेच मर्यादित राहावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो; बऱ्याच पुस्तिकांत ते दर 2 वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. ते बदलून लाइनमधील हवा काढण्याचे काम जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसून शिकावे. चाक किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढून बसवला असेल, तर पॅड मागे सरकलेले असल्याने पहिल्यांदा ब्रेकचे लिव्हर थेट हँडलपर्यंत जाऊ शकते. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे.