नाताळची टोपली घेताना आधी आतलं वजन बघा

सजवलेल्या टोपलीत निम्मी किंमत रिबिनीची निघू शकते. प्रत्येक पाकिटावरचं निव्वळ वजन आणि एमआरपी वाचून बेरीज मारा. टोपली १२०० ची अन् आतला माल ७०० चा, तर ५०० रुपये नुसत्या सजावटीचे. त्यापेक्षा जालना, लातूर, कुठल्याही मोंढ्याजवळच्या (घाऊक बाजाराजवळच्या) किराणा दुकानातून काजू-बदाम पाव-पाव किलो सुटे घ्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. डबा आधी उन्हात कडक वाळवा. ओल राहिली की काजू मऊ पडतात. डबा वर्षानुवर्षं वापरात राहतो, हे मोठं.

दहा जणांनी एकमेकांना दिलं तर ९० भेटी होतात! त्यापेक्षा नावांच्या चिठ्ठ्या टाका, ज्याचं नाव निघेल त्यालाच भेट द्या, १० भेटींत भागतं. रकमेची मर्यादा चिठ्ठी उचलण्याआधीच ठरवा.