जुना ट्रॅक्टर दम टाकतोय? पंप खोलायच्या आधी एवढं बघा

जुना ट्रॅक्टर लोडवर दम टाकायला लागला की जो तो सांगतो डिझेल पंप (नोझलला मोजून डिझेल देणारा) सेटिंगला टाक. जरा थांबा. मीपण एकदा पंप काढून नेला होता, ऐन पेरणीत चार दिवस ट्रॅक्टर उभा, आणि शेवटी दोष निघाला डिझेल टाकीच्या झाकणात, त्याचं हवेचं बारीक भोक मातीनं बुजलेलं. टाकीत हवा शिरली नाही की डिझेल खाली उतरत नाही, अर्धा तास चालतो, बंद पडतो, थोड्या वेळानं परत चालू होतो. असं होत असेल तर झाकण सैल करून चालवून बघा, लगेच कळतं.

मग डिझेल फिल्टर. सकाळी चालू करायच्या आधी फिल्टरच्या खालचा बोल्ट सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. फिल्टर बदलला की एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा, काढावीच लागते: ब्लीडिंग स्क्रू सैल करायचा, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) दांडा हातानं मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचा, आधी पहिला फिल्टर मग दुसरा मग पंप. तांब्याचे वायसर मात्र नवीनच टाका, जुने चेपलेले असतात, तिथूनच परत एअर घेतो.

काळा धूर असेल तर आधी एअर क्लीनर खोला. ऑइलवाला असेल तर वाटीत चिखल साचलेला असतो, मळणी-रोटाव्हेटरच्या दिवसांत तर फार लवकर. धुऊन नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा, जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

ठोके चुकत असतील तर इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पाइपाचा नट थोडा सैल करा, ज्याच्यावर आवाज बदलत नाही तो सिलेंडर काम करत नाहीये. तिथला नोझल टेस्टरवर तपासून घ्या. हे करताना चष्मा घाला आणि डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात अजिबात नको, ते प्रेशर कातडीतून आत घुसतं, साधी टोचल्यासारखी जखम दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

आणि निळा धूर, ब्रिदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) भकाभका वाफ, ऑइल रोज कमी, हे तिन्ही एकदम असेल तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरचे लायनर झिजलेत, मग नोझल-पंपावर पैसे घालू नका, आधी मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघून घ्या.