छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टची स्टेटशी तुलना कशी करायची

अमेरिकेत घर शोधायला लागलं की सगळे शाळांच्या रेटिंगच्या मागे लागतात, दहापैकी आठ आहे का नऊ आहे. मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आपला जिल्हा नव्हे) ते एक वेळ चालून जातं, पण जिथे अख्ख्या इयत्तेत वीस-पंचवीसच मुलं आहेत तिथे "स्टेट ॲव्हरेजच्या वर" या वाक्याला फारसा अर्थ नसतो, टक्क्यांच्या मागे मुलं किती आहेत ते आधी बघायचं.

सुरुवात स्टेटच्या एज्युकेशन डिपार्टमेंटच्या साइटवरून करा. २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्टमुळे प्रत्येक स्टेटला दरवर्षी रिपोर्ट कार्ड काढावंच लागतं, स्टेटचं, डिस्ट्रिक्टचं आणि शाळेचं वेगवेगळं. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा, अशी रीडिंग आणि मॅथची टेस्ट होते, त्याचे आकडे तिथे मिळतात. प्रायव्हेट रेटिंगवाले पण बराचसा माल तिथूनच उचलतात, मग आपण थेट तिथेच गेलेलं काय वाईट.

आधी एक गोष्ट चेक करा, डिस्ट्रिक्टमध्ये कुठल्या कुठल्या इयत्ता आहेत? न्यू जर्सीत असे बरेच छोटे डिस्ट्रिक्ट आहेत जे आठवीपर्यंतच किंवा त्याहून आधीच संपतात आणि मग मुलं दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला जातात, तिथे ग्रॅज्युएशन रेट (किती मुलं हायस्कूल पूर्ण करतात तो) शोधत बसलात तर सापडणारच नाही आणि हायस्कूलसाठी सगळा अभ्यास परत वेगळा करावा लागेल. (हवाईमध्ये अख्ख्या स्टेटचा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, तिथले लोक या भानगडीतून सुटले.)

आता मुख्य काम. समजा चौथीच्या मॅथमध्ये पहिल्या वर्षी २४ पैकी १५ मुलं प्रॉफिशियंट (स्टेटने ठरवलेल्या पातळीला पोचलेली), दुसऱ्या वर्षी २२ पैकी १८, तिसऱ्या वर्षी २६ पैकी ११. टक्के काढले तर ६२.५, मग एकदम ८२, मग धाडकन ४२. दुसऱ्या वर्षी बघणारा म्हणणार काय भारी शाळा, तिसऱ्या वर्षीचा म्हणणार वाट लागली, आणि शाळेत कदाचित शिक्षक पण तेच आणि पुस्तकं पण तीच. तिन्ही वर्षांची मुलं एकत्र करा, ७२ पैकी ४४, म्हणजे ६१ टक्के, हा आकडा स्टेटच्या शेजारी ठेवायचा. २४ मुलांच्या वर्गात नुसत्या योगायोगाने १० पॉइंट इकडेतिकडे होणं अगदी नॉर्मल आहे, ७२ मुलांवर तेच साधारण ६ वर येतं. त्यामुळे स्टेट ५७ आणि तुमचा डिस्ट्रिक्ट ६१ असेल तर "पुढे आहे" असं म्हणू नका, "बरोबरीत आहे" म्हणा. स्टेटच्या यादीत सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली छोटे डिस्ट्रिक्टच जास्त दिसतात तेही बऱ्याच अंशी याचमुळे.

वर्षं जोडताना २०१९-२० सोडून द्या, कोविडमुळे त्या वर्षी टेस्टच झाली नाही. २०२०-२१ ला बऱ्याच ठिकाणी मुलं कमी बसली, तेही जपूनच धरा. काही रकान्यांत आकड्याऐवजी फुली किंवा "९५ पेक्षा जास्त" असं काहीतरी दिसेल, त्यात लपवाछपवी काही नाही, मुलं इतकी कमी असतात की कोणाला किती मार्क ते लगेच ओळखू येईल म्हणून झाकतात.

यानंतर गट पाडून बघा, हे लोक हमखास विसरतात. समजा स्टेटमध्ये गरीब घरातली ३५ टक्के मुलं प्रॉफिशियंट आहेत आणि बाकीची ६०, तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये गरीब घरातली ४० आणि बाकीची ६३, म्हणजे दोन्ही गटांत डिस्ट्रिक्टच पुढे. पण स्टेटमध्ये गरीब मुलं ४५ टक्के आणि डिस्ट्रिक्टमध्ये ७० टक्के असतील तर एकूण आकडा येतो डिस्ट्रिक्ट ४७, स्टेट ४९! रेटिंगवाला एवढंच दाखवणार आणि तुम्ही चांगली शाळा सोडून देणार. उलटंही होतं, श्रीमंत गावाचा एकूण आकडा झकास दिसतो आणि गटागटाने बघितलं तर स्टेटच्या मागे. फक्त गरिबी मोजताना फ्री लंचच्या आकड्यावर डोळे झाकून जाऊ नका, कम्युनिटी एलिजिबिलिटी नावाच्या स्कीममध्ये शाळेतल्या सगळ्यांनाच फुकट जेवण मिळतं, मग कागदावर सगळेच गरीब दिसू शकतात. सेन्सस ब्युरो दरवर्षी डिस्ट्रिक्टवार अंदाज काढतं, तो बरा.

प्रॉफिशियंटच्या टक्क्यांवरून मुलं शाळेत आली तेव्हा कुठे होती हे काहीच कळत नाही, म्हणून ग्रोथचा (मुलं वर्षभरात किती पुढे गेली त्याचा) रकाना जरूर उघडा. स्टॅनफर्डचा एज्युकेशन डेटा आर्काइव्ह फुकट आहे, त्यात तिसरी ते आठवीचे डिस्ट्रिक्ट एकाच स्केलवर आणलेत, मुलं दरवर्षी किती शिकतात तेही दिसतं आणि दुसऱ्या स्टेटशी पण तुलना करता येते. एरवी ते करू नका, कारण प्रॉफिशियंटची रेषा प्रत्येक स्टेट आपापली ठरवतं. नेपची (NAEP, केंद्र सरकारची) देशव्यापी टेस्ट छोट्या डिस्ट्रिक्टचे आकडे देतच नाही.

हजेरी पटकन बघून घ्या, १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवले की क्रॉनिक ॲबसेंट, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८. ग्रॅज्युएशन रेटला परत तेच, चाळीस मुलांच्या बॅचमध्ये एक मुलगा मागे राहिला की अडीच टक्के गेले. SAT च्या (कॉलेज ॲडमिशनसाठीच्या टेस्टच्या) ॲव्हरेजमध्ये किती जण बसले ते आधी बघा, काही स्टेटमध्ये अकरावीची सगळी मुलं शाळेतच देतात आणि काही ठिकाणी फक्त कॉलेजला जाणारी.

दर मुलामागचा खर्च स्टेटपेक्षा जास्त दिसला म्हणून खूश होऊ नका, सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख) एकच लागतो मग मुलं ३०० असोत की ३०००, आणि लांब लांबच्या घरांसाठी बस पण फिरवावीच लागते, त्यात बराच पैसा जातो. स्टुडंट-टीचर रेशो म्हणजे वर्गातली मुलं असंही धरू नका, त्यात स्पेशल एज्युकेशनचे टीचर पण मोजलेले असतात.

खरं सांगायचं तर स्टेट ॲव्हरेज ही फक्त ढोबळ रेषा आहे, त्यात मोठ्या शहरांचं वजन प्रचंड असतं. त्याच स्टेटमधले चार-पाच डिस्ट्रिक्ट निवडा, साधारण तेवढीच मुलं आणि तेवढीच गरिबी असलेले, आणि वरचं सगळं त्यांच्याशी लावून बघा. एकूण मुलं किती ते नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्सच्या साइटवर मिळतं. तरी शंका उरलीच तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसा, सगळ्यांसाठी खुली असते, आणि तिथे विचारा की मागच्या तीन वर्षांत तिसरीत किती मुलं होती आणि त्यातली किती वाचू शकत होती.